द्राक्षांचं गाव आणि आमचे तांडेल

आमच्या घरातली नाताळची वाइन मी करते. सासूने शिकवली तशीच करते: काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, तोंडाला फडकं बांधलेली चिनीमातीची बरणी, आणि रोज सकाळी लाकडी पळीने एकदा ढवळायचं. सरकारला विचारायचं नाही आणि शेजाऱ्यांना विसरायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. समुद्रकाठच्या आमच्या उत्तन गावात माझ्या वाइनचं नाव आहे. पण लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी द्राक्षाचा वेल म्हणून मी कधी पाहिला नव्हता. वेल काय, वेलाचं पानसुद्धा नाही. मनुका वाण्याच्या पुडीतून यायच्या आणि बरणीत जायच्या.

याची लाज वाटायला लावली ती दवाखान्यातल्या इटालियन सिस्टरने. आमच्या पाड्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्माला आली, माझा फ्रँकसुद्धा. दर नाताळला ती माझ्याकडे यायची, वाइनचा घोट जिभेवर घोळवायची आणि तिच्या त्या मराठीत म्हणायची, "टेरेझाबाई, हा औषध चांगला आहे." मला असा राग यायचा! पण ती पेला पुढे करून आणखी मागायची, म्हणून राग गिळायचा. मग ती तिच्या गावाचं सांगत बसायची. ओर्विएतो, रोमच्या पलीकडे. उंच कातळावर वसलेलं गाव, चारी बाजूंना तुटलेले कडे आणि खाली नजर पोचेल तिथवर द्राक्षांचे मळे. गावात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं देऊळ. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) प्रत्येक घराखाली कातळात खोदलेलं भुयार आणि त्यात वाइनची पिंपं. शेकडो वर्षांपूर्वीच्या घरांत अजून माणसं राहतात, खिडकीत कपडे वाळत घालतात, खालून जाणाऱ्याशी भांडतात. हे भांडणाचं ऐकून मला ते गाव फार आवडलं.

सिस्टर म्हातारी झाली आणि परत गेली. तेव्हापासून दर नाताळला तिचं एक चित्राचं कार्ड यायचं. चौऱ्याहत्तरच्या नाताळात आलेल्या कार्डावर तिने फादरांकडून शिकलेल्या मराठीत लिहिलं होतं: माझ्या भावाच्या मळ्यात सप्टेंबरच्या अखेरीला द्राक्षं काढतात, तुम्ही दोघं या, राहायला आमचं कॉन्व्हेंट आहे.

असली आमंत्रणं वाचायची आणि आरशाला खोचून ठेवायची असतात. पण आमच्या फ्रँकने ते मनावर घेतलं. फ्रँक सांताक्रूझला विमानाच्या कंपनीत आहे. होडीत पाय ठेवला की त्याला उलटी होते. तांडेलाचा मुलगा आणि उलटी! विमानाचं मात्र काही होत नाही म्हणतो. होईल कसं, तो विमानात बसतोच कुठे, जेवणाच्या ट्रॉल्या भरून खालून वर देतो. तर अशा नोकरीत आईबापाला एकदा फुकट तिकीट मिळतं, असं त्याने जेवताना सांगितलं.

"आय, तू आणि बा जाऊन या ना. मी कंपनीत बोलतोय."

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणजे बेनेडिक्ट. तोंडाने मी नाव घेत नाही, लिहिताना घ्यायला हरकत नाही. 'सांत मारिया' होडीचे ते तांडेल, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात, होडी कुठे न्यायची आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवणार तेच. वाऱ्याला आणि पाण्याला घाबरत नाहीत, पण जमिनीवर चार मैल आत नेलं की चेहरा उतरतो. भाईंदरला जाणं हाच त्यांचा परदेश. बांद्र्याच्या जत्रेलासुद्धा आम्ही होडीतून जातो.

"किती लांब हाय?" त्यांनी विचारलं.

"आठ-नऊ तास विमानात, बा."

"आन् त्या गावापासून दर्या किती लांब?"

फ्रँकने विचार केला. "लांब आहे. गाडीने दोन-तीन तास तरी."

"दर्या न्हाय, मंग माणसं करतात काय?"

"द्राक्षं पिकवतात."

"आन् बाकीचं वरीस?"

"वाइन पितात."

हे त्यांना पटलं असावं. कारण ते नाही म्हणाले नाहीत, भात कालवत राहिले. आमच्या घरात एवढं म्हणजे होकार.

मग आमची तयारी सुरू झाली. भाईंदरला जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाला ह्यांना सांगतोय, समोर बघा, समोर बघा, आणि हे खिडकीबाहेर नारळाच्या झावळ्या कुठल्या बाजूला हलतात ते बघतायत. तिसऱ्या वेळी मी त्यांची हनुवटी धरून फिरवली. त्या फोटोत त्यांच्या हनुवटीखाली माझ्या बोटाचं टोक आहे, पासपोर्टवाल्यांना ते दिसलं नाही. चौकशीला पोलीस आला तो वास घेत घेत आत आला. मी घाबरून बरणीसमोर उभी राहिले, तर तो सुक्या बोंबलांचा वास घेत होता. त्याला बांधून दिले. सून जुडिथने माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. आयुष्यात कधी स्वेटर घातला नव्हता. तारोडीला, माझ्या माहेरी, भाताच्या शेतात थंडी वाजली तर उन्हात जाऊन उभं राहायचं असतं.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा एक दिवस बेनेडिक्ट आपणहून म्हणाले, "मी दिस काढलाय."

आम्ही सगळे खूष. फ्रँकने लगेच विचारलं, "कुठली तारीख?"

"अष्टमीला निगायचं. एकादशीला परत."

फ्रँक हसायला लागला. जुडिथ हसू लपवायला आत गेली. मी मात्र हसले नाही, कारण मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं, पाण्याला जोर असतो, जाळं भरून येतं. अष्टमीच्या आसपास पाणी मंद होतं, त्याला भांग म्हणतात, आणि तेव्हा जाळ्यात फारसं काही पडत नाही. म्हणून लग्नं, बारशी, दाढ काढणं, सासरी गेलेल्या बहिणीला भेटणं, सगळं आमच्याकडे भांगात उरकतात. रोमला जायचं ते भांगातच जायला हवं, हे सरळ होतं.

"बा, मी साहेबाला काय सांगू? अष्टमीचं तिकीट द्या म्हणून?"

"सांग. त्यात काय?"

मग फ्रँकने नीट समजावलं. फुकट तिकीट म्हणजे जागा उरली तर बसायचं. जाताना दोन दिवस थांबावं लागेल, येताना आठ दिवसही लागतील. त्यात सिस्टरच्या गावाला जायचं, द्राक्षं तोडायची. पंधरा दिवस, जास्तच धरून चाला. आणि द्राक्षं पिकतात ती सप्टेंबरच्या अखेरीला, पावसाळ्यात जाऊन उपयोग नाही.

बेनेडिक्ट ऐकत होते. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आमचा भर हंगाम. पंधरा दिवसांत एक तरी उधाण येणारच, आणि उधाणाला तांडेल होडीवर नाही असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

"मंग न्हाय जमत," ते म्हणाले आणि जाळ्याची सुई उचलून बाहेर गेले.

मी भांडकुदळ आहे. बाजारात माझ्याशी भाव करायला गिऱ्हाईक दोनदा विचार करतं. पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जुडिथ घाबरली आणि तिने मला ताप आहे का ते पाहिलं. संध्याकाळी हे जाळं शिवत बसले होते तिथे मी गेले आणि म्हणाले, "मी एकटी जाते."

"एकटी?" त्यांनी वर पाहिलं. "तुना भाईंदरच्या बाजारात रस्ता गावत न्हाय."

"विचारीन. तोंड हाय मना."

"द्राक्षं बगाया एवड्या लांब? आगं, बाजारात मिळतात. मी आणून देतो."

"खड्ड्यात गेली द्राक्षं!"

हे मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारची सरूबाई दारात आली. येऊ दे म्हटलं.

"तीस वरसं झाली," मी म्हणाले. "तुमी येता तवा ओले. जाता तवा झोपेत. पावसाळ्यात घरात असता तर हातात जाळं आन् कान दर्याकडं. मना तुमी पायजे. कोरडे. पंधरा दिस. जिथं दर्या दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय, अशा जागेवर. म्हणून त्या गावाला जायचंय मना. द्राक्षं असली काय आन् नसली काय."

बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. इतके महिने मी सगळ्यांना द्राक्षांचंच सांगत होते, आणि तेही खोटं नव्हतं. मी आत जाऊन रडले. रागाने रडले. बेनेडिक्ट सुईत दोरा ओवत राहिले. त्यांना बोलता येत नाही असं नाही, होडीवर त्यांचा आवाज पाड्यापर्यंत येतो म्हणतात, पण माझ्यापुढे त्यांचे शब्द अडकतात.

ऑगस्टमध्ये फादरांनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, होड्या पाण्यात गेल्या, मासळी यायला लागली. मी सिस्टरचं कार्ड आरशावरून काढून ट्रंकेत ठेवलं. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील टांगायचं काम सुरू झालं आणि मला रडायला वेळ उरला नाही. जुडिथचा स्वेटर एका बाहीवर थांबला.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी मी आणि सुगंधा बोंबील टांगत होतो. सुगंधा म्हणजे शिवाची बायको. शिवा आमच्या होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी, रत्नागिरीकडचा, होडीवर आला तेव्हा मिसरूड नव्हतं, आता केस पांढरे झालेत. सुगंधा दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवत हळूच म्हणाली, "बाई, एक इचारू? तांडेलांची तब्येत बरी हाय ना?"

"का गं? सकाळी पाच भाकऱ्या खाऊन गेलेत."

"नाय म्हणजे..." ती इकडेतिकडे बघायला लागली. "काल त्यांनी आमच्या ह्यांना खुणा दाखवल्या."

माझ्या हातातले बोंबील खाली पडले.

खुणा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं जाळं समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटाला बांधतात. खुंट पाण्याखाली, वर काहीच दिसत नाही. मग तो सापडतो कसा? किनाऱ्याकडे बघून. देवळाचा मनोरा अमुक झाडाच्या रेषेत आला आणि डोंगराचं टोक तमुक घराच्या मागे गेलं की खाली आपला खुंट. या खुणा प्रत्येक तांडेलाच्या डोक्यात असतात. खलाशी वर्षानुवर्षं त्याच होडीवर जातात, पण खुणा विचारत नाहीत आणि तांडेल सांगत नाही. त्या बाप लेकाला देतो, आणि तेही होडी कायमची सोडताना. माझ्या सासऱ्यांनी बेनेडिक्टना खुणा दिल्या त्या खाटेवर पडल्या पडल्या, आणि चौथ्या दिवशी आम्ही त्यांना पुरलं. आमचा मुलगा ट्रॉल्या भरतो, त्यामुळे या खुणांचं पुढे काय होणार ही माझ्या नवऱ्याची एकुलती एक काळजी होती.

आणि त्या खुणा त्यांनी शिवाला दिल्या होत्या. धडधाकट असताना, भर हंगामात.

माझ्या लगेच लक्षात आलं, त्यांनी असं का केलं ते. मला एवढा आनंद झाला की मी तिथल्या तिथे मटकन वाळूत बसले. तिथेच चुकलं. किनाऱ्यावरच्या बायकांनी पाहिलं की सुगंधाने काहीतरी सांगितलं आणि टेरेझा खाली बसली. बस, एवढं पुरलं.

दुपारी तारोडीलाच दिलेली माझी नणंद धावतपळत आली, हातात कोंबडीच्या रश्श्याचं भांडं. दारातच गळा काढला. "माझा भाऊ कुठं निजलाय?"

होडीवरून आलेला भाऊ कौलांवर चढून फुटकं कौल बदलत होता. "हितं हाय," तो वरून म्हणाला.

"अरे देवा, त्याला वर कोणी चडू दिला!" ती आणखी रडायला लागली.

मग सरूबाई आली, मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरचं नाव माझ्या कानात सांगून गेली. होडीवरचे खलाशी एकेक करून आले आणि ओट्यावर टोप्या हातात घेऊन बसले. संध्याकाळी फादर आले. ते सहज आलोय म्हणाले, पण आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी त्यांनी झग्याच्या खिशात ठेवली होती. मी सातवी पास आहे, मला कळतं. बेनेडिक्ट सगळ्यांना सांगत होते की मला काही झालेलं नाही. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की फारच मोठा आजार आहे, बिचारा बायकोपासून लपवतोय. आणि खुणा दिल्या का, असं कोणी विचारलं की ते गप्प बसायचे. खरं कारण त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. बायकोबरोबर फिरायला जायचं म्हणून खुणा दिल्या, हे उत्तनच्या इतिहासात कुठल्या तांडेलाने सांगितलंय?

मीही गप्प राहिले. मला सांगता आलं असतं, पण ते त्यांचं सांगायचं होतं.

रात्री जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. रश्श्याला हातही लावला नाही. आजाऱ्याचा म्हणून आलेला रस्सा मी का खाऊ, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ही अफवा बंद करायला एकच उपाय होता आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता: उद्या होडीवर जायचं, सुकाणू धरायचं आणि शिवाला चार शिव्या हासडायच्या. लोक म्हणाले असते, तांडेल बरा आहे. आणि मग द्राक्षांचं गाव संपलं. तसं त्यांनी केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. तांडेलाला लोकांनी कीव करून बघावं, हे फार कठीण आहे. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि ते जाऊ नयेत असंही मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी अवस होती. मोठं उधाण. पहाटे उठून बघते तर बेनेडिक्ट आरशासमोर. रोजचा कमरेचा रुमाल खुंटीवर आणि अंगात देवळात जायची पॅंट, पांढरा सदरा, पायात चपला.

"कुठं चाललात?"

"तुज्याबरोबर. किनाऱ्याला."

मी टोपली घेतली आणि निघाले. ते माझ्या बाजूने चालत होते. अख्खा किनारा आमच्याकडे बघत होता. शिवा होडीवर चढला होता, पण सुकाणूला हात लावायचं त्याचं धाडस होत नव्हतं. "तांडेल, येताव ना?" त्याने ओरडून विचारलं.

"न्हाय. तू ने," हे म्हणाले.

होडी गेली. उधाणाच्या दिवशी, तांडेलाशिवाय. माझी नणंद डोळ्याला पदर लावून देवळाकडे गेली.

बेनेडिक्ट वाळूत बसले. मी कामाला लागले. कालचे बोंबील उलटवले, एका गिऱ्हाइकाशी भांडले, सुगंधाला ओरडले. ते बसूनच. थोड्या वेळाने उठले, पुन्हा बसले. ऊन चढलं.

"रोज एवडा वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"होडीवर कळत न्हाय." मग माझ्याकडे वळून, "तू काय करतेस एवडा वेळ?"

"दिसतंय ना. बोंबील टांगते, भांडते आन् बगते."

"कुठं बगतेस?"

"तिथंच. जिथं तुमी सकाळपासून बगताय."

ते माझ्या टोपलीवर बसलेल्या माशा हाकलत राहिले. मग म्हणाले, "मना वाटायचं, तुमी बाया हितं गप्पा हाणता."

"हाणतो की. गप्पा हाणत बगतो."

बाकीच्या होड्या यायला लागल्या. आमची नव्हती. एकेका घरच्या बायका टोपल्या भरून निघाल्या आणि बेनेडिक्ट उभे राहिले ते बसेनात. "खुंट गावला नसंल," ते म्हणाले. मग, "गावला असंल, पण जाळं फाटलं असंल." त्यांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. वादळात होडी चालवून आलेला माणूस, पण वाट बघायची सवय नाही. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. "येईल," मी म्हणाले. "तुमीपण यायचात."

आली. टेकाडाआडून आधी डोलकाठी दिसली, मग होडी पाण्यात खोल बसलेली, म्हणजे भरलेली. किनाऱ्यावर ओरडा झाला. होडी आली की लहान होडकं मासळी घेऊन किनाऱ्याला लागतं आणि घरचे पुरुष गुडघाभर पाण्यात धावत जाऊन ते ओढतात. सगळे धावले. बेनेडिक्टसुद्धा चार पावलं धावले. तीस वर्षांची सवय, ते काय करणार! वाटलं, गेले. आता पाण्यात उतरणार, होडीवर चढणार, शिवाच्या हातून सुकाणू घेणार, आणि सगळं होतं तिथे परत.

लाट जिथे संपते तिथे ते थांबले. लाट पुढे आली, तसे ते एक पाऊल मागे सरले.

माझ्या नणंदेने ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. "पाण्यात उतराया ताकद उरली न्हाय रे त्याला!"

बेनेडिक्ट वळले. कान लाल झाले होते. किनाऱ्यावर निम्मं उत्तन होतं, फादरही होते. आणि मग तो होडीवरचा आवाज, जो पाड्यापर्यंत येतो म्हणतात, तो मी पहिल्यांदा जवळून ऐकला.

"मना काय पण झालेलं न्हाय! बायकोला घेऊन फिराया चाललोय. द्राक्षाच्या गावाला. पंधरा दिस. म्हणून खुणा दिल्या. आता रडायचं ते रडा!"

आधी सरूबाई हसली, मग खलाशी, मग सगळा किनारा हसायला लागला. कोणीतरी ओरडलं, "तांडेल, आमाला पण न्या!" फादर खिशावर हात ठेवून हसत होते. नणंद रडायची थांबली आणि तिने भावाला जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. शिवा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, मासळीची पाटी डोक्यावर, त्याला हसावं की नाही ते कळत नव्हतं.

आणि मी, जिच्या तोंडाला सगळा बाजार घाबरतो, मला एक शब्द सुचला नाही. तीस वर्षांत असं कोणी माझ्याविषयी एवढ्या मोठ्याने बोललं नव्हतं.

फ्रँक त्या दिवशी सुट्टीवर होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "बा, मग मी उद्या साहेबाशी बोलतोय. परतीचं काय सांगू? पुढचा भांग कधी आहे?"

"भांग न् उधाण बगू नको," बेनेडिक्ट म्हणाले. "द्राक्षं सरली की येऊ."

शिवाने पाटी आणून माझ्या टोपलीत रिकामी केली. आमच्याकडे मासळी किनाऱ्यावरून घरी नेणं बायकांचं काम, पुरुष टोपलीला हात लावत नाहीत. बेनेडिक्टनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली, जरा वाकडीच ठेवली, मी सरळ करून घेतली. पाणी गळून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडले. मी खाली पाहिलं. त्यांच्या पॅंटचे काठ कोरडे होते, चपला कोरड्या होत्या. घरी जाईपर्यंत ते माझ्या बाजूने चालत होते, आणि दर्या आमच्या पाठीमागे होता.